ग्रीक शेतकरी राहायचा कुठे : गावात, वाडीत की शेतावर?

प्रश्न विचारणाऱ्यांची अडचण थोडक्यात अशी आहे. एका पुस्तकात त्यांनी वाचलं की प्राचीन ग्रीक म्हणजे नगरात राहणारा माणूस. दुसऱ्यात वाचलं की यातले बहुतेक जण शेतकरी. तिसरीकडे वाचलं की सर्वेक्षणांत शेतांमधून शेकडो 'फार्महाऊस' सापडली. आता त्यांना एका नगरराज्याचा नकाशा करायचाय, आणि शेतकऱ्याचं घर तटाच्या आत दाखवावं की बाहेर, इथे गाडी अडलीय. जाता जाता स्पार्टाचंही विचारलंय : एवढं बलाढ्य राज्य, मग तिथे बघण्यासारखे अवशेष का नाहीत?

माझा धंदा पायी सर्वेक्षणाचा. शेतं तुडवायची, खापरं मोजायची, नोंदी करायच्या. आयुष्य दख्खनमध्ये गेलं, पण विद्यार्थी असताना दोन उन्हाळे ग्रीसमध्येही हेच केलं. त्या अनुभवावरून सांगतो. पुस्तकं तिन्ही बरोबर आहेत. घोळ आहे तो 'नगरराज्य' या भाषांतरात.

'पोलिस' या ग्रीक शब्दाला (आपल्या खाकी वर्दीतल्या पोलिसांच्या नावाचं मूळही इथलंच, पण ते असो) आपण नगरराज्य म्हणतो आणि लगेच डोळ्यांसमोर तट, मंदिर, संगमरवरी खांब उभे राहतात. शेती मग त्या शहराला बाहेरून चिकटवलेली पुरवणी वाटते. ग्रीकांच्या लेखी मात्र पोलिसचे दोन भाग होते. एक अस्तू, म्हणजे दाट वस्ती. दुसरा खोरा, म्हणजे भोवतीचा मुलूख. या खोराचं आपल्या नदीच्या खोऱ्याशी काही नातं नाही, उच्चार तेवढा सारखा. हे दोन्ही मिळून एक पोलिस.

मराठी माणसाला हे समजायला खरं तर जड जाऊ नये. जुन्या कागदांत गाव म्हणजे काळी आणि पांढरी. काळी कसायची, पांढरीत राहायचं. पिढ्यान्‌पिढ्या चुलीची राख, पडलेल्या भिंतींची माती आणि शेण मुरून वस्तीची जमीन पांढुरकी होते, म्हणून ती पांढरी. नुसत्या पांढरीला कोणी गाव म्हणत नसे. पोलिसचंही तसंच. फरक एकच आणि तो मोठा आहे. या काळी-पांढरीच्या डोक्यावर दुसरा राजा किंवा सुभेदार बसेलच असं नव्हतं. निदान कागदोपत्री तरी पोलिसचे नागरिकच तिचे मालक होते, आणि वीस कोसांवर शेती करणारा माणूस चौकाजवळ राहणाऱ्याइतकाच पूर्ण नागरिक असे.

आता 'परिस्थितीवर अवलंबून आहे' हे वाक्य मला म्हणावंच लागेल, पण कशावर तेही सांगतो. सगळ्यात आधी आकारावर. कोपनहेगनच्या संशोधकांनी 2004 साली ग्रीक पोलिसांची जी मोठी यादी छापली तिच्यात 1,035 नोंदी आहेत. त्यातल्या बहुसंख्यांचा मुलूख 100 चौरस किलोमीटरच्या आतला. केआ नावाचं बेट सगळं मिळून सुमारे 130 चौरस किलोमीटरचं, आपल्या एखाद्या तालुक्याहून कितीतरी लहान. त्यावर एकेकाळी चार पोलिस नांदत होत्या : इउलिस, कार्थाइया, कोरेसॉस आणि पोइएसा. 100 चौरस किलोमीटरचा मुलूख गोल धरला तर मध्यापासून शिवेपर्यंत साडेपाच किलोमीटर भरतात. म्हणजे तासा-सव्वा तासाची चाल. सकाळी भाकरी बांधून निघालेला माणूस दिवस मावळता घरी परततो. अशा ठिकाणी शेतकऱ्याने पांढरीतच राहावं हे सोयीचं, आणि बऱ्याच छोट्या पोलिसांत बहुतेक लोक तसे राहत असावेत.

अथेन्सचा हिशोब वेगळा. त्याचा मुलूख अ‍ॅटिका, सुमारे 2,500 चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याच्या दोन-तृतीयांश. मॅरेथॉन गावचा माणूस चाळीस किलोमीटर चालत येऊन रोज अथेन्समध्ये झोपणार नाही. पुस्तकांतलं भांडण बऱ्याच अंशी इथून सुरू होतं. कोणी अथेन्सवरून नियम काढतो, कोणी केआवरून.

शिवाय एकट्या अथेन्समध्येही साक्षी एकमेकींशी जुळत नाहीत. तीन माणसं बघा. लिसियासने लिहिलेल्या एका खटल्याच्या भाषणात युफिलेटॉस नावाचा गृहस्थ आहे. शहरात दोन मजली छोटं घर, आणि शेतावरून तो अचानक घरी येतो. त्याचा मित्र सॉस्ट्रॅटॉस त्याला सूर्य मावळल्यावर शेतावरून परतताना भेटतो. दोघंही शहरात राहून बाहेर शेती करणारे. दुसरा झेनोफन या लेखकाच्या पुस्तकातला इस्खोमाखॉस, बडा जमीनदार. त्याचा नोकर घोडा घेऊन पुढे शेतावर जातो, हा पायी रपेट करत मागून पोहोचतो, पेरणी-लावणीवर नजर टाकतो, थोडी घोडदौड करतो आणि जेवायला शहरातल्या घरी हजर. शेतीपेक्षा हा व्यायामच जास्त वाटतो मला.

तिसऱ्याजवळ मात्र जरा थांबू या, कारण बांधावरचं भांडण मराठी वाचकाला परकं नाही. डेमोस्थेनिस या वक्त्याच्या नावावर असलेल्या एका भाषणात तिसियासचा मुलगा आपली बाजू मांडतोय. त्याच्या आणि कॅलिक्लिसच्या शेतामध्ये एक रस्ता. भोवती डोंगर, त्यामुळे पावसाचं पाणी कधी रस्त्यावरून वाहतं, कधी शेतात घुसतं. पाण्याने आपल्या रानात ओहोळ पाडायला सुरुवात केली म्हणून तिसियासने एक भिंत घातली. बरीच वर्षं कोणी काही बोललं नाही. तिसियास गेला, पुढे मोठा पाऊस झाला, पाणी कॅलिक्लिसकडे शिरलं आणि हजार द्राख्मांचा दावा उभा राहिला. मुलगा विचारतो, पाणी आत घेऊ तर माझं रान जातं, रस्त्यावर सोडू तर तुम्ही भांडता, मग पिऊन टाकू का? अर्थ हाच, शब्द माझे. नंतर तो नुकसानीचा खरा आकडा सांगतो, आणि तो त्याला कळलाय आईकडून. दोघांच्या आया एकमेकींकडे जात-येत असत, 'कारण दोघी शेतावरच राहत होत्या आणि शेजारणी होत्या'. कॅलिक्लिसच्या आईने रडत रडत दाखवलं ते एवढंच : भिजलेले जव वाळत घातलेले, तीन मेडिम्नॉससुद्धा भरणार नाहीत. अर्धा मेडिम्नॉस पीठ. तेलाचा एक रांजण कलंडलेला, पण त्याला काही झालेलं नाही. (एक मेडिम्नॉस म्हणजे अंदाजे 52 लिटरचं माप.)

या दोन बाया नक्की शेतावर राहत होत्या. घरात जव होते, पीठ होतं, तेल होतं. इथे शंकेला जागा नाही. तेव्हा शेतावरची घरं नव्हतीच असं म्हणणाऱ्यांना मी हा खटला दाखवतो, आणि सगळेच शेतावर राहत होते म्हणणाऱ्यांना सॉस्ट्रॅटॉस.

तिसरी शक्यता नेहमी विसरली जाते, ती गावाची. इ.स.पू. 431 साली स्पार्टाचं सैन्य येणार म्हणून अथेन्सने मुलुखातल्या लोकांना तटाच्या आत बोलावलं. त्या काळचा इतिहासकार थुसिडिडीज लिहितो की लोकांनी बायका-मुलं, घरातलं सामान, अगदी घरांचं लाकूडकामसुद्धा उतरवून आणलं. मेंढ्या आणि जनावरं युबिआ बेटावर पाठवली. बहुतेकांचा जन्म बाहेर मुलुखातच गेलेला, त्यामुळे हे सगळं त्यांना फार जिवावर आलं. आत आल्यावर अनेकांना घर मिळालं नाही, ते देवळांत आणि तटाच्या बुरुजांत राहिले. हा उतारा वाचून लोक म्हणतात, बघा, सगळे शेतावर राहत होते. पण 'बाहेर' म्हणजे एकाकी वस्ती असं थोडंच आहे? अ‍ॅटिकात आखार्नाई, थोरिकॉस, एल्युसिस अशी भरलेली गावं होती. थोरिकॉसला तर स्वतःचं दगडी नाट्यगृह आहे, लंबगोल, डोंगरउतारावर, आणि शेजारी चांदीच्या खाणी. माझ्या मते अ‍ॅटिकातला बहुतेक शेतकरी अशा गावांत राहत होता. वारशाच्या वाटण्यांमुळे त्याची जमीन चार ठिकाणी विखुरलेली. कुठल्या तुकड्यावर राहायला जाणार? त्यापेक्षा गावात राहून चारी ठिकाणी जाणं परवडतं. ज्यांची जमीन सलग त्यांना शेतावर घर बांधणं जमायचं.

इथपर्यंत ग्रंथांची साक्ष झाली. आता खापरांची, कारण 'शेकडो फार्महाऊस' तिथूनच आली आहेत.

पायी सर्वेक्षणात आम्ही दहा-पंधरा मीटरच्या अंतराने रांगेत चालतो. हातात टिकटिक करणारं मोजणीयंत्र, नजर जमिनीवर. खापर दिसलं की टिक. जिथे आकडा एकदम चढतो तिथे थांबायचं, झेंडी रोवायची, नीट गोळा करायचं. नकाशावर मग तिथे ठिपका येतो आणि अहवालात त्या ठिपक्याला 'शेतघर' म्हणतात. पहिल्या उन्हाळ्यात एका ऑलिव्हच्या रानात मला असा छान दाट पुंजका सापडला. काळ्या झिलईच्या भांड्यांचे तुकडे, म्हणजे साधारण इ.स.पू. पाचवं-चौथं शतक. मी फुशारकीने 'घर' लिहून मोकळा झालो. संध्याकाळी खापरं धुऊन मांडली तेव्हा आमच्या गटप्रमुख बाईंनी एकच विचारलं, 'छप्पर कुठाय?' त्या ढिगात कौलाचा एकही तुकडा नव्हता. ग्रीक घर पडलं की कौलांचा खच पडतो, विटा मातीच्या असल्यामुळे विरघळतात पण कौलं राहतात. माझ्या घराला छप्परच नव्हतं.

ते बहुधा खत होतं. हे मला तिथे पटलं नाही, गावाकडे आल्यावर पटलं. आपल्याकडे उकिरड्यात शेणाबरोबर राख जाते, फुटकं मडकं जातं, आणि चैत्रात गाडी भरून सगळं रानात. पांढरीची माती तर लोक मुद्दाम उकरून शेतात टाकतात, आणि त्यात आमची कितीतरी जुनी ठिकाणं साफ झालीत. परिणाम असा की जिथे कधी कोणी राहिलं नाही तिथे खापरं मिळतात. अँथनी स्नॉडग्रास आणि जॉन बिंटलिफ यांनी 1970च्या दशकाच्या शेवटी ग्रीसमधल्या बीओशिया प्रांतात काम सुरू केलं तेव्हा त्यांना शेतांमधून खापरांचा असा गालिचाच पसरलेला दिसला, नगराजवळ दाट आणि दूर जावं तसा विरळ. त्यांनीही अर्थ लावला तो खताचा. यावर वाद झाला. धूप, नांगरट, पडून नाहीशी झालेली छोटी ठिकाणं, अशीही कारणं असू शकतात, आणि ती असतातच. पण अर्गोलिस प्रांताच्या दक्षिण टोकाला हॅलिएइस नावाचं नगर आहे, इ.स.पू. 300च्या सुमारास ओस पडलेलं, त्याचा एक भाग आज समुद्राखाली आहे. तिथल्या घरांच्या अंगणांत दगडांनी बांधलेले खड्डे मिळाले, कोप्रॉन, म्हणजे चक्क घरचा उकिरडा. त्याच नगरातल्या काही घरांत तेलाचे घाणेही आहेत. तटाच्या आत राहायचं, ऑलिव्ह घरी आणून गाळायचे आणि उकिरडा शेतात न्यायचा. शेतकरी नगरात राहत होता याचा यापेक्षा चांगला पुरावा मला माहीत नाही.

मग शेतघर कशाला म्हणायचं? मी चार वस्तू एकत्र शोधतो. कौलं, स्वयंपाकाची जाडी-भरडी भांडी, साठवणीच्या रांजणाचे तुकडे आणि मागाची वजनं. नुसती पेयपात्रं आणि दिवे मिळाले तर ती थडगी किंवा लहान देवस्थानही असू शकतं. कौलं आहेत पण चुलीची भांडी नाहीत, तर हंगामापुरती खोपी किंवा अवजारांची खोली. अ‍ॅटिकात वारी नावाच्या गावाजवळचं इ.स.पू. चौथ्या शतकातलं घर 1966 साली उत्खनन करून काढलं, ते मात्र सगळ्या कसोट्यांना उतरतं : मधलं अंगण, भोवती खोल्या, एका कोपऱ्याला जाड भिंतींचा बुरूज, आणि मातीच्या मधमाश्यांच्या पेट्यांचे तुकडे, आतून रेघा ओढलेले म्हणजे पोळं धरायला बरं. पण तिथेही वर्षभर कोण राहायचं, मालक की गुलाम, हे भिंती सांगत नाहीत.

काळाची आणखी एक मेख आहे. काळ्या झिलईच्या खापरावरून आम्ही 'पाचवं-चौथं शतक' म्हणतो, म्हणजे दोनशे वर्षं. नकाशावर असे शंभर ठिपके असले आणि एकेक घर पन्नास वर्षं नांदलं असं धरलं, तर एका वेळी पंचवीसच घरांत चूल पेटत होती. ग्रीसच्या बऱ्याच भागांत याच दोन शतकांत ठिपके भरभरून दिसतात आणि पुढे हेलेनिस्टिक काळात, म्हणजे अलेक्झांडरनंतर, ओसरतात, हे खरं आहे. चौथ्या शतकात शेती जास्त नेटाने होत होती हेही मला मान्य आहे. पण ठिपके मोजून थेट माणसं मोजू नका.

ग्रीकांनी बाहेर वसवलेल्या वसाहतींचं तंत्र निराळं, तिथे वर लिहिलेलं बरंचसं लागू पडत नाही. दक्षिण इटलीत मेटापोंटमच्या मुलुखात हवाई छायाचित्रांत समांतर रेघा दिसल्या : जमीन पट्टीने आखून वाटलेली. क्रिमियातल्या खेर्सोनेसॉसचंही तसंच, आणि युनेस्कोने 2013 साली त्याला जागतिक वारसा ठरवलं ते नगर आणि खोरा असं जोडीने. नव्या जमिनीवर आलेल्यांना सलग वाटा मिळाला, तो शेतावर घर बांधेल. जुन्या ग्रीसमध्ये तुकडे पडलेले होते. उलट ॲरिस्टॉटल आणि प्लेटो आपापल्या आदर्श राज्यांत प्रत्येकाला मुद्दाम दोन तुकडे देतात, एक नगराजवळ आणि एक लांब किंवा शिवेवर, म्हणजे शत्रू आला की झळ सगळ्यांना सारखी बसेल.

तर आतापर्यंतचं : छोट्या पोलिसमध्ये बहुतेक जण पांढरीत, मोठीत बहुतेक जण बाहेरच्या गावांत, आणि दोन्हीकडे काही घरं शेतावर.

तुमच्या नकाशाला प्रशासनाच्या रेघाही लागतील, आणि तिथे एक चकवा आहे. इ.स.पू. 508-507 मध्ये क्लिस्थेनिसने अ‍ॅटिकाची 139 डीममध्ये, म्हणजे गाव-पेठांमध्ये, मांडणी केली. त्यांच्या दहा जमाती. प्रत्येक जमातीत एक हिस्सा शहराकडचा, एक किनाऱ्याचा, एक आतल्या भागाचा. पाचशेंच्या सभेत प्रत्येक डीमच्या जागा ठरलेल्या. आखार्नाई मोठं म्हणून 22, काही गावांना एकच. आता चकवा : डीम वंशाने मिळत असे. त्या वर्षी पणजोबा जिथे नोंदला गेला ते तुमचं डीम, मग तुम्ही राहा कुठेही. हे आपल्या '-कर' आडनावांसारखं आहे. तीन पिढ्या पुण्यात काढलेले पंढरपूरकर पंढरपूरकरच राहतात. डेमोस्थेनिस हा 'पाइआनियाकर' आणि सॉक्रेटिस 'अलोपेकेकर', तो बिचारा शहराच्या चौकातून हलायचा नाही तरीही. तेव्हा थडग्यावरच्या डीमच्या नावावरून माणसाचं घर नकाशावर मांडू नका. सुरुवातीला मीही तेच करायचो.

एक उदाहरण या सगळ्याच्या उलट बाजूने. इ.स.पू. 385 मध्ये स्पार्टाने मँटिनिया जिंकली. नदी अडवून पाणी तटाला लावलं, कच्च्या विटा विरघळल्या, भिंत बसली. मग नगर मोडून लोकांना चार गावांत वाटून टाकलं. झेनोफन सांगतो, आधी लोक चिडले, कारण आहे ते घर पाडून नवं बांधायचं. नंतर जमीनदार मात्र खूश झाले, जमिनी घराजवळ आल्या आणि लोकशाहीवाल्या पुढाऱ्यांची कटकट मिटली. झेनोफन स्पार्टाचा चाहता, तेव्हा यावर जरा जपूनच विश्वास ठेवा. पण एवढं त्यातून दिसतं की नगरात राहणं शेतीच्या दृष्टीने गैरसोयीचं होतं आणि तरी लोक ते करत होते. पंधराएक वर्षांनी स्पार्टाचा जोर ओसरताच मँटिनियाकरांनी पुन्हा एकत्र येऊन तट उभारला. शेत जवळ हवं हे खरं, पण सभा, बाजार आणि भिंत सोडायची त्यांची तयारी नव्हती.

राहिला स्पार्टा. लॅकोनिया आणि मेसिनिया धरून 8,000 चौरस किलोमीटरहून अधिक मुलूख त्यांच्या हातात होता, कसणारे हेलॉट, म्हणजे त्यांनी जमिनीला बांधून ठेवलेले दास. पण स्पार्टन एका तटात एकवटले नव्हते, जुन्या पद्धतीने वेगवेगळ्या गावांत राहत होते. थुसिडिडीजने तेव्हाच लिहून ठेवलंय की हे नगर ओस पडून नुसते पाये उरले तर पुढच्यांना त्याच्या ताकदीवर विश्वास बसणार नाही, आणि अथेन्सचं तसं झालं तर लोक ती दुप्पट समजतील. तुमच्या नकाशात स्पार्टासाठी एक मोठं वर्तुळ काढू नका. पिटाना, मेसोआ, लिम्नाई, किनोसुरा असे चार ठिपके जवळजवळ, दक्षिणेला थोडं लांब अमिक्लाई, आणि मध्ये शेतं. तटाची रेघ नको. ती हेलेनिस्टिक काळात आली, आणि तुमचा नकाशा त्याआधीचा आहे.